काचेवरचा जास्तीचा डाग

सातवीनंतर माझी शाळा सुटली. रत्नागिरीकडच्या खडकांवर कालवं फोडत होते, तेव्हा नगरच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या बाई भेटल्या. नर कालवाचं दुधासारखं पाणी त्यांना हवं होतं. त्यातल्या शुक्राणूंच्या पातळ पडद्यात कसली कसली चरबी असते, हा त्यांचा अभ्यास. फोडल्या फोडल्या नर-मादी ओळखून मी देत गेले, आणि जाताना त्या मलाच नगरला घेऊन आल्या. प्रयोगशाळेत काचसामान धुवायला ठेवलं. ते उपकार मी अजून मानते, म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

क्लोरोफॉर्ममध्ये उतरवलेली चरबी बाई बारीक काचनळीने पांढऱ्या लेपाच्या काचेवर टेकवायच्या. काच द्रावणात उभी केली की चरबीचे प्रकार वेगवेगळे होऊन वर चढायचे; पुढे ती आयोडिनच्या बरणीत ठेवली की त्यांचे तपकिरी डाग उठायचे. एक दिवस सगळ्यांच्या वर एक जास्तीचा डाग उठला.

"हे तेल आहे," बाई म्हणाल्या. "पडद्यात एवढं तेल कुठून येणार?"

दुष्काळाचं साल होतं. शिपाईमामा दारातूनच म्हणाले, "नळाला चार दिस पानी न्हाई. ही धुती कशानं, इचारा की! न्हाईतर कालवं खाऊन बाटलीत खोबरेल भरलं आसंल."

बाईंनी मी धुतलेल्या रिकाम्या बाटलीत नुसता क्लोरोफॉर्म फिरवला आणि तो नळीने काचेवर टेकवला. तोच डाग.

"पुन्हा असं झालं तर मला दुसरं कुणी बघावं लागेल," एवढंच बोलल्या. तेव्हापासून माझी प्रत्येक बाटली उजेडात धरून बघायच्या.

मला मामांचा संशय. जेवतानाही मी बाटल्यांकडे तोंड करून बसायचे. मग स्वतःचाच संशय आला. आठ दिवस डोक्याला तेल लावलं नाही.

"डोकं भुरं झालंय, सुतकावानी. गावाकडं कोन गेलं का काय गं?" मामांनी विचारलं.

तरी डाग उठलाच.

मग मी बाईंवरच नजर ठेवली. पाप केल्यासारखं वाटत होतं. बूच काढायला दोन्ही हात लागतात, म्हणून त्यांनी नळी अंबाड्यात खोवली. बूच निघालं, तशी तीच उपसून बाटलीत बुडवली. अंबाडा तेलाने चकाकत होता.

दोन दिवस मी नुसत्या बाटल्या घासत राहिले. बोलले तर तोंड वर करून बोलली म्हणून काम जाणार, न बोलले तर डागापायी. शेवटी म्हटलं, "बाई, नळी अंबाड्यात नका खोवू."

त्यांचा हात डोक्याकडे गेला. त्यांनी दोन नळ्या घेतल्या, एक केसांतून काढलेली, एक कोरी. दोन्हींनी नुसता क्लोरोफॉर्म टेकवला. केसांतलीचाच डाग उठला.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"परवापासून."

"परवापासून," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या.

मला काढलं नाही. उलट काचेवर टेकवायचं कामच माझ्याकडे दिलं. मामांना काय सांगितलं कोण जाणे, त्यांची थट्टा थांबली. विश्वास बसला म्हणून काम दिलं, की मी बाहेर कुठे बोलू नये म्हणून, ते मला कधी कळलं नाही. विचारायची माझी छाती झाली नाही.