चूलबंद आवतन

'सर्व' हा शब्द मी पत्रकांत इतक्यांदा लिहिलाय की आता हात आपोआप लिहितो. सर्वांना पाणी, सर्वांना शिक्षण. लातूरच्या आमच्या संघटनेत पत्रकं लिहायचं काम माझ्याकडंच. एकदा जळकोटकडच्या आमच्या गावी आईला एक वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सर्व म्हंजी कोण गं? सप्त्याच्या आवतनातले सर्व का?"

मी पत्रकाची घडी केली.

सप्ताह संपतो त्या दिवशी गावाला चूलबंद आवतन असतं. अख्ख्या घराचं जेवण मंडपात, घरी चूल पेटवायचीच नाही. आवतन देणारा 'सर्वांनी यावं' म्हणत दारोदार फिरतो. आमच्या दलित वस्तीत मात्र शिरत नाही. नालीच्या पलीकडूनच ओरडतो, "पंगती उठल्या की या रे!" मंडपाचे खड्डे आम्हीच खांदायचे आणि उरलं तर जेवायचं. म्हणून आमच्या बाया त्या दिवशीही भाकरी थापून ठेवतात.

यंदा मी घरोघर सांगितलं, चूल पेटवायची न्हाई. पहिल्या पंगतीला बसायचं.

"आन् न्हाई वाढलं तर? लेकरं उपाशी ठिवू?" शेजारची काकू.

"उद्या मला कामाला कोण बोलवंल?" आई. ती ज्यांच्या शेतात जाते, त्यांचाच मुलगा पंगतीत वाढायला असतो.

 तरी त्या दिवशी सकाळी वस्तीत कुठंच धूर दिसला नाही. आमच्या घरातूनही नाही.

आम्ही गावकऱ्यांच्या रांगेतच बसलो. वरणाची बादली आईपाशी येऊन थांबली.

"मावशे, जरा दम धर की. मागून बसा."

"बापू, तुझ्या शेतात कधी मागून आले का रं मी?" आई म्हणाली. "चूल बंद हाय माझी. वाढ."

कोणीतरी हसलं. वाढणाऱ्यानं बादली तिथंच आपटली आणि निघून गेला.

मी बादली उचलली. आईला वाढलं, काकूला वाढलं आणि थांबलेच नाही. पुढं गावाची पानं होती. माझ्या हातचं नको म्हणून चौघं-पाच जण ताडकन उठले. उठा. सर्वांत बसायचं का नाही, ते आता तुम्ही ठरवा.

त्यांच्या शेजारी फेटेवाला म्हातारा बसला होता. माझा हात थबकला.

"बघतीस काय पोरी?" त्यानं भात आळं करून पुढं केला. "वाढ की. निवून चाललंय."