लदेणी मॅडम

“तिले बसू द्या आधी, बापा. उन्हातून आली हाये. आल्या आल्या कामाले जुंपता का?”

दाराआडून हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, आत कुणी पेशंट बाई आली आहे. यवतमाळच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात माझा पहिला दिवस होता. हातात नेमणुकीचं पत्र होतं, आणि आत जावं की बाहेरच थांबावं हे ठरत नव्हतं. तेवढ्यात प्रशासक सर चिडलेल्या चेहऱ्याने बाहेर पडले. मी आत डोकावले. एक खुर्ची होती. तिच्यावर लसी ठेवायचा जुना निळा डबा, झाकण उघडलेला, आणि त्यात तळहातात मावेल एवढी एक काळी टेप. खुर्चीशेजारी जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून, पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. त्याही त्याच उन्हातून आल्या होत्या. पण खोलीत खुर्ची एकच होती आणि ती टेपला दिलेली होती.

या आमच्या मॅडम. हॉस्पिटलचे सगळे सर्व्हर त्यांच्या ताब्यात. पेशंटचे एक्सरे आणि सीटी स्कॅन रोज टेपवर भरून ठेवायचे, आणि दर आठवड्याला एक प्रत कळंबला ट्रस्टच्या लहान दवाखान्यात, औषधांच्या गार खोलीतल्या कपाटात नेऊन ठेवायची, अधूनमधून तिथली एखादी तपासायला परत आणायची, ही पद्धत त्यांनीच बसवलेली. इथे आग लागली, पाणी शिरलं, तरी तिथली प्रत राहील. नेत-आणत त्या स्वतःच, एसटीने, निळा डबा मांडीवर घेऊन. कंडक्टर ओळखीचे झाले होते. “मॅडम, आज कोनती लस?” असं एकाने विचारलं तर म्हणाल्या, “विसरू नये म्हनून देते ते.”

उन्हात तापलेली टेप लगेच यंत्रात घालायची नसते. गरम फीत ओढली की वाचण्यात चुका होतात, कधी ती अडकून तुटते. एक अख्खा दिवस तिला सर्व्हरच्या खोलीच्या हवेत राहू द्यावं लागतं. कंपनीच्या पुस्तिकेतही हे छापलेलं आहे. मॅडम मात्र त्यासाठी आपल्या आईचा हवाला देत. “आमची याडी, म्हंजे माय, उन्हातून कोनी तांड्यावर आलं का म्हने, बेस. बस आधी. मंग पाणी. मंग विचारायचं, कुठून आला. काम उद्या.” प्रशासक सरांना हे कधीच पटलं नाही. टेप आली म्हणजे काम झालं पाहिजे, असं त्यांचं मत होतं, आणि ते मत दर वेळी तितकंच ताजं असे.

लदेणी मॅडम हे नाव अकाउंट्सच्या खोलीत पाडलेलं. त्यांचे पूर्वज बैलांवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव नेत. त्या फिरतीला लदेणी म्हणतात. नाव टिंगलीतच पडलं होतं हे मलाही कळत होतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी तोंडावरच ते घेतलं. मॅडमनी पोळीचा घास संपवला. “खोटं तं नाई ना? मंग राग कायचा,” म्हणाल्या. “पन एक गोष्ट ऐकून ठेवा. माल पोचला का नाई, हे लादल्यावर नाई कळत. उतरवल्यावर कळते.” मग जेवणाचा डबा धुवायला उठल्या. त्या हसल्या नव्हत्या, रागावल्याही नव्हत्या. थकलेल्या होत्या, बस.

मी रुजू झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात नवी टेप लायब्ररी आली. जुन्या यंत्रात एका वेळी एकच टेप बसायची आणि ती बदलायला माणूस लागायचा. नवं यंत्र म्हणजे लोखंडी कपाटच. आत टेपांचे कप्पे, दोन ड्राइव्ह, आणि मधून वर-खाली फिरणारा यांत्रिक हात. तो बारकोड वाचतो, हवी ती टेप उचलतो आणि ड्राइव्हमध्ये ठेवतो. बसवायला नागपूरहून एक इंजिनियर आला होता. तरुण, घाईतला, कानाला फोन. त्याने कपाट रॅकमध्ये सरकवलं, वायर लावली, बटण दाबलं. लाल दिवा. बंद करून पुन्हा दाबलं. पुन्हा लाल.

वाहतुकीत तो हात हलू नये म्हणून त्याला वरून एक कुलूप लावून पाठवतात. ते तसंच होतं. मला दिसलं. मी बोटाने तिकडे दाखवलं.

मॅडम माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांनाही कुलूप दिसलं असणार. तरी म्हणाल्या, “मी बोट वाचत नाई, पोरी. तोंडानं बोल.”

“लॉक,” मी म्हणाले.

“कोनतं?”

“हाताचं. काढलं नाहीये.”

“मले कायले सांगून राह्यली? या साहेबांले सांग.”

मी सांगितलं. इंजिनियरने फोनवरचं बोलणं न थांबवता “हां?” केलं, म्हणून आणखी एकदा सांगावं लागलं. माझे कान तापले होते. कुलूप निघालं, आतला हात जागेवर एकदा फिरला आणि दिवा हिरवा झाला. मॅडम लगेच पुढच्या वायरीकडे वळल्या. शाबासकीसुद्धा नाही. मला तेव्हा ते बरंच वाटलं.

मग सर्व्हरची गंमत. त्याला ड्राइव्ह दिसत होते, पण हात दिसत नव्हता. इंजिनियर केबल काढून घालत होता, फोनवर कुणाला तरी “पता नहीं यार” म्हणत होता. मॅडम रॅकच्या मागे जमिनीवर बसल्या, पाठीला उशी म्हणून जुन्या बिलांचा गठ्ठा घेतला, आणि केबलची दोन्ही टोकं बोटांनी चाचपून पाहिली. केबल ठीक होती. “सर्व्हर बंद करा,” म्हणाल्या. “हे कपाट पुरतं जागं होऊ द्या. मंग सर्व्हर चालू करा. पाहुना चपला काढून राह्यला, अन् तुमी दार लोटून घेतलं. मंग म्हनता, दिसत नाई.” तसं केलं, आणि सर्व्हरच्या यादीत हात आला.

पहिला बॅकअप झाला तेव्हा इंजिनियरने कागद पुढे केला. “मॅडम, हिरवी खूण आली ना? आता सही करा. साडेचारची बस आहे माझी.”

“उतरवायचं बाकी हाये.”

“सगळे सही करतात, मॅडम. अब क्या बाकी है?”

“सगळ्यांचं मले काय मालूम.”

त्यांनी टेपवरून एक जुना स्कॅन सर्व्हरवर परत आणायला लावला, मूळ स्कॅनच्या शेजारी उघडला, आणि एकेक चित्र सरकवत शेवटपर्यंत गेल्या. इंजिनियरची बस गेली. स्कॅन अगदी बरोबर होता. “झालं समाधान? निघालं काही?” त्याने विचारलं. “काई नाई निघालं,” मॅडम म्हणाल्या, “म्हनून तं सही करून राह्यली,” आणि त्याच्यासाठी चहा मागवला.

मी इंग्रजी शाळेत शिकले. घरी मराठी, पण परक्यांशी बोलायचं तर वाक्य आधी मनात जुळवावं लागतं, आणि ते जुळेपर्यंत लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात. मॅडमनी मला वऱ्हाडी शिकवायचा प्रयत्न केला नाही की माझ्या इंग्रजीवर कधी शेरा मारला नाही. एकदाच, दोघी चहा पीत असताना, म्हणाल्या, “तू बी बॅकअपच हाये, पोरी. सगळं भरून ठेवते, उतरवत काईच नाई.” मी हसले. काहीतरी बोलावं असं वाटत होतं. चहा संपला.

उन्हाळ्यात वीज जायची आणि एसी बंद पडायचा. जनरेटर ऑपरेशन थिएटर सांभाळायचा, आमची खोली नाही. मॅडम टेबल फॅन सर्व्हरकडे वळवून ठेवत आणि स्वतः दारात घामाघूम बसून राहत. “तुम्ही घरी जा ना,” मी एकदा म्हणाले. “घरी बी थकूनच बसाचं हाये,” त्या म्हणाल्या. “इथं निदान पंख्याचा आवाज तं येते.”

या वर्षी होळीच्या सुमारास ट्रस्टने संगणकाचं सगळं काम एका एजन्सीला दिलं. मॅडमना एजन्सीच्या हाताखाली राहा म्हणाले. त्यांनी नको सांगितलं. भांडण नाही, अर्ज नाही. “पाठ कधीची म्हनून राह्यली, बस. आता बसते,” एवढंच. उमरखेडच्या पुढे त्यांचा तांडा, भावाचं शेत. निरोप समारंभ झाला नाही. जाताना त्यांनी निळा डबा माझ्या टेबलावर ठेवला. “याच्यात जेवाचा डबा नोको आनजो,” म्हणाल्या. मी त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेले. त्या ऑटोत बसल्या. माझं वाक्य जुळत होतं, जवळजवळ जुळलं होतं. ऑटो गेला.

मे महिन्यात जुने स्कॅन ठेवलेली डिस्क बंद पडली. टेपांवरून बहुतेक सगळं परत आलं. एक टेप मात्र वाचता वाचता अडकली आणि गेली. तिची दुसरी प्रत फक्त कळंबला होती. आणि नेमक्या त्या टेपवर मारेगावकडच्या एका आजींचा जुना स्कॅन होता. आता नव्या स्कॅनमध्ये त्यांच्या फुप्फुसात डाग दिसला होता. डाग पूर्वीपासून तेवढाच असेल तर छाती उघडायची गरज नव्हती; वाढला असेल तर उघडायलाच हवी होती. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळचं ठरलेलं.

कळंबची टेप दुपारी आली. दवाखान्याची गाडी, तीही एसी नसलेली. मी डबा उघडून हात लावला तर टेप कढत होती. आजी मुलाबरोबर दारातच उभ्या होत्या, पदराने मान पुसत. मी खुर्ची त्यांना दिली, डबा टेबलावर ठेवला आणि पाणी आणलं. मुलगा हळूच म्हणाला, “मॅडम, मायचं फाडा लागते का नाई, ते याच्यावरून कळते का?” मला त्या खोलीत आजवर कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. मी मान डोलावली.

मागून छातीचे डॉक्टर आणि प्रशासक सर आले. “आली ना?” सर म्हणाले. “घाल ती आत आणि डॉक्टरांना मोकळं कर.”

“आज नाही,” मी म्हणाले.

“काय?”

मी डब्याकडे बोट केलं. कुणीच बोट वाचलं नाही.

“अगं, उद्या सकाळी केस आहे माझी,” डॉक्टर म्हणाले. “परवापासून मी इथे नाही. ऑपरेशन पुढे ढकलायचं, तर जबाबदारी कोणाची?”

“त्या लदेणी मॅडम गेल्या, आणि ही मागे राहिली,” सर म्हणाले. “कोणाशी बोलतेस तू? जरा मोठ्याने बोल.”

आजींनी पाण्याचा पेला खाली ठेवला. त्यांचा मुलगा माझ्याकडे बघत होता. वाक्य जुळलेलं नव्हतं. मी जुळायची वाट बघितली नाही.

“माझी जबाबदारी,” मी म्हणाले. “दुसरी टेप नाही, सर. ही तापलेली ओढली आणि तुटली तर आजींचा स्कॅन कधीच मिळणार नाही, आणि तुम्ही अंदाजाने छाती उघडाल. उद्या याच वेळेला मी लावीन. तोवर ऑपरेशन थांबवा. उन्हातून आली हाये ती. बसू द्या तिले.”