क्रोटनवरच्या मधमाश्या

आता कुठून सुरुवात करू? मी मधमाश्या वाचवायला निघालो होतो, एवढं लक्षात ठेवा. सध्या रोज सकाळी सहाला मी काय करतो ते शेवटी सांगेन. हसायचं ते तेव्हा हसा.

परदेशात पाच वर्षं पर्यावरण शिकून मी दिल्लीला लक्ष्मीबाई नगरात, बाबांच्या सरकारी क्वार्टरमध्ये परतलो. आल्या आल्या कळलं, जोशीकाकूंचा वाफा जाणार! तुळस, झेंडू, कडेला सब्जा. शेजारच्या काकूंनी दहा वर्षं जपलेला. कॉलनीच्या सेक्रेटरींना तिथे स्कूटर स्टँड हवा होता.

मी सरळ त्यांच्या घरी गेलो आणि पाऊण तास मधमाशी या विषयावर बोललो. बहुतेक सुटका करून घ्यायला ते म्हणाले, "एक महीना, बेटा. मधुमक्खी दिखाओ, नहीं तो स्कूटर."

मग वही घेऊन मी दिल्लीतल्या बागा पालथ्या घातल्या. कोणत्या झाडावर किती माश्या, सगळी नोंद. अगदी भल्या पहाटे जायचो. म्हणजे आठला.

आणि एका बागेत सापडलं! क्रोटनच्या कुंपणाशी माश्याच माश्या. फूल एकही नाही, तरी नुसती घोंघों! मी मोजत सुटलो. जमिनीकडे कोण बघतंय?

"काकू, क्रोटन लावायचं."

"अरे, त्याला फुलं कुठे येतात? शोभेचं झाड ते."

"पानांतून मध पाझरतो, काकू. विज्ञान आहे."

"अच्छा? आणि माझी तुळस?"

"ती काढावी लागेल. जागा हवी ना!"

काकूंनी तुळशीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "तू शिकलेला आहेस बाबा. बघ हां, वाफा तेवढा वाचव." तुळस, झेंडू, सब्जा सगळं मी स्वतःच्या हातांनी उपटलं. काकूंनी ते उचलून फुटक्या बादल्यांत घालून गॅलरीत ठेवलं.

तीन आठवडे झाले. क्रोटन झकास. माशी? डास होते, यार!

धास्तीने झोप लागेना, म्हणून एक दिवस मी खरंच सहाला त्या बागेत पोहोचलो. कुंपणाशी एक म्हातारे गृहस्थ डबा उघडून काहीतरी शिंपडत होते.

"अंकल, ये क्या है?"

"चींटियों के लिए, बेटा. आटा और चीनी. बरसों से डालता हूँ." मग जरा वैतागून, "आधा तो ये मधुमक्खियाँ ही खा जाती हैं!"

माझ्या वहीत तेव्हा क्रोटनवर अकरा पानं लिहून झाली होती.

मी काय करायला हवं होतं? काकूंना खरं सांगायला हवं होतं. मी काय केलं? तपासणीच्या दिवशी पहाटे आईचा साखरेचा डबा उचलला, कणीक मिसळली आणि वाफ्यात रिकामा केला.

आठला सेक्रेटरी आले, मागे अर्धी कॉलनी. वाफ्यात मुंग्यांची मिरवणूक! माशी एकही नाही.

"ये तो चींटियाँ हैं, बेटा."

मी वही उघडली.

इतक्यात कोणीतरी वर बोट दाखवलं. काकूंच्या गॅलरीत, फुटक्या बादल्यांतल्या तुळशीच्या मंजिऱ्यांवर माश्यांची नुसती झुंबड!

"जोशीजी, वहाँ क्या लगाया है?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "वही, जो इसने उखाड़ा था."

सेक्रेटरी इतके हसले की स्कूटर स्टँड विसरले. वाफा वाचला. तुळस परत खाली आली, क्रोटन आमच्या जिन्यात गेलं.

मला वाटलं, प्रकरण मिटलं. दुसऱ्या दिवशी सहाला दार वाजलं. काकू. हातात डबा.

"ऊठ रे. मुंग्यांना सवय लावलीस, आता त्या वाट बघतायत. बिचाऱ्या कुठे जातील?"

तेव्हापासून रोज सहाला वाफ्यात मुंग्यांना साखर-कणीक घालायला जातो. पर्यावरणातली नोकरी लागली का, असं कोणी विचारलं, तर आई माझ्या आधीच हो म्हणते.