थोरली नात कुणाची

शनिवार उजाडला तशी बुरमाकान पहाटेच चुलीला लागली. आज कोर्टाची बाई येणार होती, संगं सून बेगायिम. पोर आईला आई म्हणून ओळखती का, ते बघून बाई न्यायाधीशाला कळवणार. त्यावरच ठरायचं, नात आकिलाय अतबाशी गावात आजीपाशी राहायची का आईबरोबर बिश्केक शहरात जायची.

वकिलानं पढवून ठेवलं होतं, "पोरगी आईला वहिनी म्हणाली की काम झालं. कुणी शिकवलं असं विचारलं तर सांगा, आई कधी फिरकलीच नाही, पोर विसरली. चालीरीतीचं नाव काढू नका. बाई शहरात वाढलेली, तिला ठाऊक नसणार."

चाल तशी जुनीच. थोरलं लेकरू आजी-आज्याचं. चाळीस दिवस सरले की सुनेनं ते सासूच्या ओटीत टाकायचं. मग लेकरानं आजीला आई म्हणायचं आणि जिनं जन्म दिला तिला वहिनी. बुरमाकाननं आपला थोरला मेदेर असाच दिला होता. दूध दाटून छाती दगड झाली तेव्हा सासू म्हणाली, "कोबीची पानं बांध, उतरंल." उतरलं. पुढं मेदेरचं लग्न झालं, लेक झाली, बायको बेगायिमशी फाटलं, तरी बुरमाकान त्याची वहिनीच राहिली. म्हणून त्याची लेक चाळीस दिवसांची झाली तशी तिनं कुणाला न विचारता उचलली. आपली पाळी आली, एवढंच तिला वाटलं.

आता अडचण मेदेरचीच होती. बाईसमोर त्यानं वहिनी म्हटलं की सगळं उघडं पडणार. सकाळी तिनं त्याला पुढ्यात उभं केलं.

"म्हण की, आई."

मेदेरनं कान खाजवला. "जीभच उचलत न्हाई गं, वहिनी."

"मग तोंडाला कुलूप घाल अन् गोठ्यात बस जा."

बाई आली. पुढ्यात चहा, साय आणि तळलेले कणकेचे बोरसोक आले. बेगायिम दाराजवळच पाय दुमडून बसली. मांडीवर पोरीसाठी आणलेले लाल बूट होते. आकिलाय चुलीमागं दडलेली.

"बाळ, ही कोण आलीय?" बाईनं विचारलं.

"वहिनी."

बाईनं लिहून घेतलं. बेगायिमनं बुटाची नाडी बोटाला गुंडाळली, इतकी आवळून की बोटाचं टोक पांढरं पडलं.

"असं म्हणायला कुणी शिकवलं, आजी?"

"सांगा, आत्याबाई," बेगायिम खाली बघत म्हणाली. "माझं कोण खरं मानतंय?"

बुरमाकाननं चहाची वाटी बाईपुढं सरकवली. "तिची आई कधी..."

तेवढ्यात गोठ्याकडून बोंब आली, "वहिनी! अगं वहिनी, घोडी सुटली! फाटक लाव!"

बाईचा पेन थांबला. "हा मेदेर ना? तुमचाच मुलगा?"

लाडानं म्हणतो, लहानपणापासनं खोड हाय, असं बुरमाकानच्या ओठावर आलं होतं. पण नजर त्या पांढऱ्या बोटावर गेली, आणि कोबीच्या पानांचा कुबट वास जणू नाकात शिरला.

"माझाच. थोरला," ती म्हणाली. "त्याला माझ्या सासूनं नेलं. त्याची लेक मी नेली. वहिनी म्हणायला मीच शिकवलं. बेगायिम चोरून पाजायला बसायची तर मी पोर हिसकावून घ्यायची. लिहा."

"हे तुमच्या विरुद्ध जाईल, आजी."

"निवतोय चहा. लिहा अन् प्या."

तिनं चुलीमागं हात घालून आकिलायला ओढून काढलं आणि बेगायिमपुढं उभं केलं. "ही तुझी आई. म्हण."

"न्हाई म्हणायची." पोर बुरमाकानच्या झग्याला चिकटली. "मग तू कोण?"

"मी म्हातारी. बूट होतात का बघ."

बूट मोठे निघाले. बेगायिमचा चेहरा उतरला. लेकीचं माप तिला ठाऊक असणार कुठनं? बुरमाकाननं उशीची शिवण उसवली, आतली लोकर काढली आणि सुनेच्या हातात दिली.

"टोकात कोंब. थंडीपर्यंत पाय वाढतील."

मग ती फाटकाकडं गेली. घोडी केव्हाच ओढ्यापल्याड गेली होती.