पुढच्यात बसा

सायकल घ्यायची हौस मला, तीही सेकंडहँड आणि चार गावं पलीकडची. एकटीनं जावं की नाही? पण आप्पा, माझे वडील, पुण्याहून महिन्याभरासाठी माझ्याकडे आर्नहेमला आले होते आणि त्यांना घरी एकटं ठेवायची मला भीती वाटायची. आदल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, "तुझी आई अजून आली नाही का गं?" आईला जाऊन दोन वर्षं झाली. भावाला फोन केला तर म्हणाला, "वय झालं आता, चालायचंच." चालायचंच काय, डोंबल!

मग त्यांनाही सोबत नेलं. परतताना सायकलीसकट आम्ही कसेबसे आगगाडीच्या शेवटच्या डब्यात चढलो. वाटेत एका छोट्या जंक्शनवर गाडी थांबली आणि डचमध्ये अनाउन्समेंट झाली. गाडी इथे तुटणार होती. पुढचे डबे आर्नहेमला, म्हणजे आमच्या घराकडे, आणि मागचे भलतीकडेच. ही इथली नेहमीची पद्धत, मला चांगली ठाऊक, पण बोलण्याच्या नादात साफ विसरले. मी धडपडत सायकल उतरवली आणि ओरडले, "आप्पा, उतरा! पुढच्यात बसा!" वळून पाहिलं तर ते काठी टेकत फलाटावर उतरलेले. मग मी पुढच्या डब्यांतल्या सायकलीचं चिन्ह असलेल्या दाराकडे धावत सुटले.

सायकल आत ढकलली, दारं बंद झाली, गाडी हलली. खिडकीतून बघते तर आप्पा बाकावर निवांत बसलेले. मला बघून त्यांनी हातसुद्धा हलवला.

त्यांचा फोन माझ्या पर्समध्ये, चार्जिंगला लावलेला. घरचा पत्ता त्यांना सांगता येत नव्हता. आणि त्यांच्या समोर ती उरलेली अर्धी गाडी दारं उघडी टाकून उभी होती.

पुढच्या स्टेशनावर मी सायकलीसकट उतरले. परतीच्या गाडीला वीस मिनिटं होती आणि फलाटावर चिटपाखरू नाही. मदतीच्या खांबावरचं बटण दाबलं. पलीकडच्या माणसानं वडिलांचं वर्णन विचारलं, तर डच राहू दे, मला इंग्रजीही सुचेना. काठीला काय म्हणतात? स्वेटर कुठल्या रंगाचा? अहो, सकाळी मीच तो त्यांच्या अंगात घातला होता! ते त्या गाडीत चढले असतील, कुठेतरी उतरतील आणि लोकांना आईचा पत्ता विचारत फिरतील, हेच डोळ्यांपुढे येत होतं. मी त्या खांबाला धरून ढसाढसा रडले.

परत पोचले तेव्हा आप्पा त्याच बाकावर होते. शेजारी स्टेशनातल्या कॉफीच्या टपरीवरची बाई बसली होती.

"उतरलात ना? मग चढला का नाहीत?" मी अक्षरशः किंचाळले.

"ओरडतेस काय? तूच म्हणालीस ना, पुढच्यात बसा? म्हणून ही सोडली. पुढची यायची वाट बघतोय."

पुढच्यात! मी म्हणत होते पुढचे डबे आणि ते समजले नंतरची गाडी. अगं माझ्या बये, चूक माझ्याच बोलण्याची होती! त्यांचं डोकं शाबूत होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच खो-खो हसत सुटले. आता भावाला फोन करून सांगायचं, तुझंच खरं होतं बाबा.

तेवढ्यात त्या बाईनं माझ्या दंडाला हात लावला आणि डचमध्ये हळूच विचारलं, "आणि छोटी? ती सापडली का?"

"कोण छोटी?"

"तुमचे वडील मघापासून मला इंग्रजीत सांगताहेत, त्यांची मुलगी चुकलीय. सात वर्षांची आहे, दोन वेण्या, लाल रिबिनी. मी आता पोलिसांना फोन करणारच होते."

मला मूलबाळ नाही. आप्पांना मुलगी एकच, आणि ती चाळिशीला आलीय.

आप्पांना डच कळत नाही. ते रुळांच्या टोकाकडे बघत होते, मान उंच करून, कोणीतरी येणार असल्यासारखे. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

बाई उत्तराची वाट बघत होती.

"हो," मी म्हटलं, "सापडली."