परत न दिलेला कन्व्हर्टर

आमच्या दादाच्या गॅरेजात एक नियम आहे: गाडीतून काढलेला भाग वर्तमानपत्रात गुंडाळून मालकाच्या हाती द्यायचा. जुनं हातात पडल्याशिवाय नव्यावर लोकांचा विश्वास बसत नाही, असं तो म्हणतो. मी त्याची धाकटी बहीण. दिवा धरते, आकडे टिपते आणि उरलेल्या वेळात त्याच्याशी भांडते. वीस वर्षांत त्याने हा नियम एकदाच मोडला, आणि तेव्हा मी भांडले नाही.

शाळेत शिकवणाऱ्या एक बाई गाडी घेऊन आल्या. चढावर गाडीला दम लागतो म्हणाल्या. दादाने खाली वाकून कन्व्हर्टरवर, म्हणजे धुरातलं विष जाळणाऱ्या डब्यावर, रबरी हातोडी हलकेच मारली. आत काहीतरी खुळखुळलं.

तो उपकरणं आणायला गेला तेव्हा बाई मला म्हणाल्या, "काय हवं ते करा, फक्त काचा उघडू नका. काच उघडली की ते जातात."

"कोण?"

"आमचे हे. अर्धा तास गाडी चालवली की शेजारी येऊन बसतात."

त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले होते, हे मला ठाऊक होतं. माझी जीभ एरवी कात्रीसारखी चालते, पण त्या वेळी मी वहीत 'काचा बंद' एवढंच टिपलं.

दादाला सांगितलं तर तो हसला नाही. "बाई चालवतात तशीच चालवून बघतो," म्हणाला आणि काचा बंद करून निघाला. गाडीचं म्हणणं आधी पूर्ण ऐकून घ्यायचं, ही त्याची खोड. त्यापायीच ही चूक झाली; दुसरा कुणी मिस्त्री काच खाली करून गेला असता.

चाळीस मिनिटांनी आला तो डोकं धरून. टायरच्या ढिगावर बसला, कोपऱ्यात जाऊन ओकला.

"काय झालं रे?"

"आई होती," तो म्हणाला. "मागच्या सीटवर."

आईला जाऊन नऊ वर्षं झाली. मी त्याला पाणी दिलं आणि वेड लागलंय म्हटलं.

जरा बरं वाटल्यावर त्याने गाडी वर उचलली आणि खालून सगळं उलगडलं. एक स्पार्क प्लग नीट पेटत नव्हता. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळायचं, त्याने आतली पोळ्यासारखी जाळी वितळून तुटली होती आणि वाट बुजली होती. अडलेला धूर अलीकडच्या सांध्यातून फुटून, तळाच्या एका उघड्या भोकातून आत शिरत होता. त्यातल्या ज्या वायूने आधी भास होतात आणि मग माणूस जातो, त्याला वास नसतो.

प्लग आधी बदलला, नाहीतर आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. धुराची नळी गार झाल्यावर गंजलेले बोल्ट तेल सोडून सोडवले, नवा कन्व्हर्टर सांध्यातल्या नव्या गॅस्केटसह बसवला, भोक बुजवलं. गाडी तापवून मोजलं, तर डब्यातून धूर बाहेर पडतो ते तोंड आत शिरतो त्या तोंडापेक्षा गरम. म्हणजे डबा काम करतोय. गाडीत वायूचा मीटर ठेवला, शून्य.

बाईंना सगळं समजावलं. फक्त आईचं सांगितलं नाही. नियमाप्रमाणे जुना कन्व्हर्टर त्यांच्या हाती दिला.

पाचव्या दिवशी बाई परत आल्या. शेजारच्या सीटवर तो कन्व्हर्टर होता. त्याला पट्टा लावलेला होता.

"हा परत बसवा, आणि ते भोक उघडा."

"बाई, जीव जाईल."

"माहीत आहे. तुम्ही नाही बसवलात तर दुसरा कुणी बसवेल."

आणि बसवला असता कुणीतरी. जगात मूर्खांना तोटा नाही. मला बाईंचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. दादा गाडीच्या दारापाशी उकिडवा बसला.

"ते काय बोलायचे तुमच्याशी?" त्याने विचारलं.

बाईंनी शेजारच्या पट्ट्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "दमलीस, म्हणायचे. डोळे मीट जरा."

"गाडी चालवताना?"

बाईंनी मान डोलावली.

"माझी आई आली होती याच गाडीत," दादा म्हणाला. "तीही तेच म्हणाली, झोप म्हणाली. जिने उजाडल्यावर आम्हाला एक दिवस अंथरुणात राहू दिलं नाही, ती. बाई, तुमचे यजमान असं म्हणाले असते?"

बाईंचे हात स्टिअरिंगवरून खाली आले. "मी नुसती जांभई दिली तरी गाडी थांबवायला लावायचे," त्या म्हणाल्या. मग फार हळू विचारलं, "मग ते कोण होतं?"

दादाने उठून पलीकडचं दार उघडलं. वायू होता, असं मी आजही स्वतःला सांगते.

बाईंनी स्वतःच पट्टा सोडला. दादाने कन्व्हर्टर उचलला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत कटरने उभा चिरला. आत काळा भुगा होता, दुसरं काही नाही. नियम मोडून ते तुकडे दादाने स्वतःकडेच ठेवले. बाई चारही काचा खाली करून रडत गेल्या.

आता गाडीच्या चाचणीला दादा मला बरोबर नेतो. काचा उघड्या असतात. तरी वाटेत मला जांभई आली की तो गाडी बाजूला घेतो, आणि आधी मागच्या सीटकडे बघतो.