रेषा विरेना

सुरतला एमएस्सीला होते, नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्या दिवशी प्रॅक्टिकलला माझी टेस्ट ट्यूब माझ्याशी भांडायलाच उठली होती...

फिनॉल आणि पाणी एकत्र केलं की दोन थर होतात, मध्ये स्पष्ट रेषा. तापवत गेलं की त्या रेषेवरचा पृष्ठताण कमी कमी होतो... आणि सदुसष्ट अंशांच्या आसपास ताण शून्य, रेषा गायब! सगळ्यांच्या रेषा विरल्या. माझी मेली हटायला तयार नाही.

सर आले. "आ पाणी क्यांथी लावी?" हे पाणी कुठून आणलंस, म्हणून विचारलं. बघते तर काय, डिस्टिल्ड वॉटर समजून मी घरून आणलेली प्यायच्या पाण्याची बाटली ओतली होती! आता शिव्या बसणार, म्हटलं.

पण सरांनी त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. पाणी पांढरंफटक. पाण्यात मीठ असलं की रेषा विरायला जास्त उष्णता लागते, म्हणाले. आणि हे पाणी तुम्ही पिता?



घरी, सुरतच्या कडेला भेस्तानला, आई अंथरुणावर होती. पाय सुजलेले, किडनी अधू. डॉक्टरांनी मीठ तोडलेलं. बिचारी वर्षभर अळणी भाजी गिळत होती, तरी सूज उतरेना... डॉक्टर म्हणायचे, पेशंट ऐकत नाही. कापडाच्या लूमवरून कामाहून आले की माझे वडील, अण्णा, डाफरायचे, "चोरून लोणचं खातेस तू!" बरणी कपाटात, कुलूप लावून. किल्ली अण्णांच्या करगोट्याला.

आणि प्यायला आम्ही देत होतो बोअरचं पाणी. मचूळ लागायचं, पण जिभेला सवय झालेली. गोळ्यासुद्धा त्याच पाण्याबरोबर. इतका राग आला... कुणाचा, तेच कळेना.

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. भिंतीकडे तोंड करून पडलेली आई हळूच म्हणाली, "मी लोनचं नही खादं."

अण्णांनी किल्ली सोडली, तिच्या उशाशी ठेवली.

मग ते सायकलवरून गोड्या पाण्याचे कॅन आणू लागले. पण फार उशीर झाला होता... दिवाळीआधीच आई गेली.

त्या चुकीच्या बाटलीला मी आजही मनातून हात जोडते. नाहीतर माझी आई आमच्या घरातून चोर ठरूनच गेली असती.